पडद्यावर ९६ गुण, वर्कशॉपात रॉड चिकटला

प्रति,
कौशल्य प्रशिक्षणासाठी व्हीआर संच विकत घेणाऱ्या समित्या, त्यांच्या निविदांची कलमं लिहिणारे अधिकारी,
आणि हे संच घडवणारी डिझायनर मंडळी

सप्रेम नमस्कार.

मी वेल्डर ट्रेडचा शिल्पनिदेशक. शासकीय आयटीआयमध्ये सत्तावीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. तरी ओळखीच्या एका संस्थेत आठवड्यातून दोन दिवस जाऊन उभा राहतो. कुणी बोलावतं म्हणून नव्हे, घरी करमत नाही म्हणून. गेल्या वर्षी तिथे व्हीआरचे, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून संगणकातल्या खोट्या वर्कशॉपात सराव करायचे, पाच संच आले. खोकी फोडायच्या आधी प्राचार्यांनी नारळ फोडला, पेढे वाटले, फोटो झाले. एकेक पोरगा हेडसेट घालून हवेत हात मारत होता आणि बाकीचे पोट धरून हसत होते. मलाही घालायला लावला. आत बघतो तर चकचकीत परदेशी वर्कशॉप, वरच्या खिडकीतून तिरपं ऊन, आणि त्या उन्हात तरंगणारी धूळ. इतकी सुंदर धूळ मी खऱ्या वर्कशॉपात कधी बघितली नाही.

बॅचमधला एक मुलगा तीन दिवस त्या संचाला चिकटून बसला. चुणचुणीत पोरगा. तिसऱ्या दिवशी त्याला शंभरपैकी ९६ गुण पडले, पडद्यावर फटाके उडाले, टाळ्या वाजल्या. चौथ्या दिवशी मी त्याला बूथमध्ये घेतलं. ३.१५ एमएमचा रॉड, करंट ११० अँपिअर, समोर दहा एमएमची प्लेट. त्याने काळ्या काचेची स्क्रीन तोंडासमोर धरली, रॉड टेकवला. चिकटला. हिसका देऊन काढला, पुन्हा टेकवला, पुन्हा चिकटला. पाचव्या वेळी होल्डरसकट प्लेटच उचलली गेली. त्याने स्क्रीन खाली केली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “सर, तिकडे तर बरोबर येत होतं.”

तो खोटं बोलत नव्हता. तिकडे बरोबरच येत होतं. तिकडे बोटाखालचं बटण दाबलं की आर्क, म्हणजे रॉड आणि प्लेटमधली विजेची ज्योत, पेटतो. इकडे काडेपेटीवर काडी ओढावी तसा रॉड प्लेटवर ओढावा लागतो आणि ठिणगी दिसताक्षणी उचलावा लागतो. तोही किती, तर रॉडच्या तारेच्या जाडीइतका. जास्त उचलला तर आर्क विझतो, कमी उचलला तर चिकटतो. हे मनगटाला कळायला चांगल्या मुलाला दोन दिवस लागतात, काहींना आठवडा. वेल्डिंग शिकण्याचा पहिला सगळा आठवडा म्हणजे हे एवढंच असतं. आणि नेमकं तेवढंच त्या संचातून वगळलं होतं.

एकदा आर्क धरला की पुढची गंमत. साडेतीनशे एमएमचा रॉड हातात जळत जळत मिनिटभरात संपतो. म्हणजे हाताला एकाच वेळी दोन चाली कराव्या लागतात: जोडावरून पुढे सरकायचं आणि रॉड जसा आखूड होईल तसं खाली यायचं. नवीन मुलं पुढे जातात, खाली यायचं विसरतात. मग आर्क लांबतो, शिंतोडे उडतात, बीड, म्हणजे जोडावर पडणारी वितळलेल्या धातूची ओळ, चपटी आणि विस्कटलेली पडते. संचाबरोबर हातात धरायला येणारा प्लास्टिकचा कंट्रोलर जळत नाही, आखूड होत नाही, त्यामुळे ही दुसरी चाल त्या संचावर शिकायलाच मिळत नाही. शिवाय तो कंट्रोलर जेमतेम दीडशे ग्रॅमचा. खरा होल्डर जड, आणि त्याच्या मागची केबल कोपरापासून हात खाली ओढत असते. म्हणून जुने वेल्डर केबलचा एक वेढा हाताला घेतात किंवा ती खांद्यावरून टाकतात, म्हणजे वजन मनगटावर येत नाही. ९६ गुण मिळवलेल्या मुलाला केबल कुठे ठेवायची हेच माहीत नव्हतं, कारण तिकडे केबल नव्हतीच.

आता माझं म्हणणं एका ओळीत सांगतो आणि मग त्याच्याच मागे लागतो: चित्राचं नंतर बघा, आधी हाताचं बघा.

हे काही म्हाताऱ्या मास्तरचं तंत्रज्ञानाशी वाकडं नाही. उलट बाजूने बघा. सिम्युलेटरचा पहिला मोठा विजय ज्या यंत्राने मिळवला, त्यात चित्र नव्हतंच. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसाने १९२९मध्ये विमान शिकवण्याची एक पेटी बनवली. घरचा धंदा ऑर्गन आणि स्वयंचलित पियानो बनवायचा, त्यामुळे पेटी डोलवायला त्याने ऑर्गनचेच भाते वापरले. बुटकी लाकडी पेटी, खेळण्यासारखे छोटे पंख. सुरुवातीला जत्रेतल्या पाळण्यासारखी ती करमणुकीच्या बागांत विकली गेली. १९३४मध्ये अमेरिकन लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याची जबाबदारी आली आणि वाईट हवेत काही महिन्यांतच डझनभर वैमानिक मेले, तेव्हा लष्कराने लिंकच्या सहा पेट्या घेतल्या. त्या पेटीवर झाकण ओढलं की शिकणाऱ्याला बाहेरचं काहीच दिसत नसे. समोर काटे, हातात दांडा, पायाखाली पॅडल. ढगात शिरलेल्या वैमानिकालाही बाहेरचं काही दिसत नाही, म्हणून झाकणच योग्य होतं. लिंकला ढग रंगवत बसायची गरज पडली नाही. दुसऱ्या महायुद्धातले लाखो वैमानिक या पेटीत बसून शिकले.

वेल्डिंगचंही नेमकं असंच आहे, आणि हे मला डिझायनर मंडळींना फार दिवस सांगायचं होतं. स्क्रीनची ११ नंबरची काळी काच डोळ्यांवर आली की वेल्डरला काय दिसतं? काळोख. आर्क पेटला की तळहाताएवढा हिरवट उजेड, त्यात वितळलेल्या लोखंडाचं डबकं, त्याची मागची कड आणि पुढची फट. संपलं. ते ऊन, ती धूळ, ती भिंतीवरची पोस्टरं कुणाला दिसतच नाहीत. तुमचं निम्मं काम आर्कने आधीच सोपं करून ठेवलंय. सगळी ताकद त्या तळहाताएवढ्या डबक्यावर लावा: ते कधी रुंद होतं, कधी मागे लटकतं, धातूवर जमणारी मळीची खपली पुढे धावून त्यात कधी घुसते. मी मुलांना सांगतो, रॉडकडे बघू नको, डबक्याकडे बघ. त्या संचात डबकं म्हणजे नारिंगी रंगाचा न हलणारा ठिपका होता.

दुसरी साक्ष डॉक्टरांची आहे. २००२ साली ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात येल विद्यापीठातला एक प्रयोग छापून आला. शिकाऊ सर्जन सोळा. दुर्बिणीतून पित्ताशय काढायच्या शस्त्रक्रियेआधी निम्म्यांना नेहमीसारखं शिकवलं, निम्म्यांना त्याशिवाय व्हीआर यंत्रावर सराव दिला. त्या यंत्राच्या पडद्यावर ना पोट होतं ना पित्ताशय, नुसते गोळे आणि ठोकळे. मात्र हातात तसल्याच लांब दांड्या, खऱ्या अवजारासारख्या हलणाऱ्या. यंत्रावर सराव केलेल्यांनी प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत तो भाग २९ टक्के कमी वेळात केला आणि त्यांच्या चुका साधारण एक षष्ठांश झाल्या. आणखी एक बारकावा यात आहे. त्यांना ‘दहा तास सराव’ असं मोजून दिलं नव्हतं. अनुभवी सर्जनांनी त्याच यंत्रावर जी पातळी दाखवली, ती गाठेपर्यंत सराव करायचा होता. आपल्याकडे मात्र ‘प्रति प्रशिक्षणार्थी इतके तास’ असा रकाना असतो आणि तो भरला की विषय संपतो.

आता गुणांचं आणि बाणांचं बोलू. त्या संचात रॉडच्या टोकाशी सतत एक हिरवा बाण दिसतो. अँगल चुकला की लाल होतो, सुधारला की हिरवा. मुलं बाण बघतात, डबकं बघत नाहीत. बाण असेपर्यंत हात सरळ, बाण गेला की हात सुटला. पहिलीतल्या पोराला आपण अक्षर गिरवायला देतो ना, तसंच हे आहे. गिरवणं वाईट नाही, पण बाई चौथ्या दिवशी पाटीवर अक्षराऐवजी नुसते ठिपके देतात आणि पुढच्या आठवड्यात तेही देत नाहीत. वर्षभर गिरवायला दिलं तर पोर जन्मभर गिरवतच राहील. मानसशास्त्रात ही गोष्ट जुनी आहे. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या तिघांनी १९८४मध्ये त्याआधीचे कितीतरी प्रयोग चाळून हेच मांडलं होतं: सतत मिळणाऱ्या सूचनेने सराव चालू असताना काम छान होतं, पण सूचना काढून घेतली की शिकलेलं टिकत नाही. तेव्हा बाण द्या, पण पहिल्या पाच बीडपुरता. मग एकाआड एक बीडला. मग फक्त बीड संपल्यावर दाखवा की हात कुठे भटकला. आणि शेवटी तोही नको, मुलाला आधी विचारा, “तुझ्या मते कुठे चुकलं?” मग पडदा दाखवा.

फटाके तर बंदच करा. खरा रॉड संपल्यावर टाळ्या वाजत नाहीत. खपली ठोकून, ब्रश मारून खालची बीड बघावी लागते, आणि तेव्हा कळतं की आपण किती पाण्यात आहोत. त्या संचात खपली काढायची नव्हती. बटण दाबलं की बीड आपोआप चमकत होती.

आवाजाकडे तर कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही. मी बूथच्या बाहेर पाठ करून उभा असलो तरी आत कोण कसं वेल्डिंग करतंय ते सांगू शकतो. आर्क बरोबर असेल तर कढईत भजी पडल्यासारखा एकसारखा चुर्र आवाज येतो. आर्क लांबला की तो फुटतो, फडफडतो. करंट कमी असेल तर आवाज बसतो, दबका येतो. वेल्डर निम्मं काम कानाने करतो. आमच्या संचात काय होतं? गिटारचं मंद संगीत, आणि त्यावर अमेरिकन बाईचा प्रसन्न आवाज: “ग्रेट जॉब!”

भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर सांगून टाकतो. मला शुद्ध मराठी नकोय. ‘संधान’, ‘विद्युत्कंस’ असलं भाषांतर करून आणाल तर मुलांना इंग्रजीच परवडेल. रॉड, होल्डर, अर्थिंग, टॅक, बीड, अंडरकट हे शब्द आमचेच झालेत. हवंय ते वर्कशॉपातलं बोलणं: “हात मोकळा सोड.” “थांब, खपली पुढे येतीये.” “टॅक नीट मार, नाहीतर प्लेट ओढली जाईल.” हे लिहायला भाषांतरकार लागत नाही. एखाद्या निदेशकाच्या गळ्यात दोन दिवस माइक अडकवा, सगळं मिळेल. काही शब्द गाळावे लागतील, तेवढं तुमचं तुम्ही बघा.

इतकं ऐकून वाटेल, या माणसाला हे यंत्रच नको. तसं नाही. याच संचाने मला दोन गोष्टी दाखवल्या, ज्या मला स्वतःला सत्तावीस वर्षांत जमल्या नव्हत्या.

पहिली गोष्ट. बॅचमध्ये एक मुलगी होती, आर्क पेटला की दचकून हात मागे घ्यायची. लाजायची, पोरं हसायची. पूर्वी अशा मुलांपैकी काहीजण दुसऱ्या आठवड्यात ट्रेड बदलायचा अर्ज घेऊन यायचे. ही चार दिवस हेडसेटमध्ये आर्क बघत राहिली, तिथे ना चटका ना शिंतोडा, आणि पाचव्या दिवशी बूथमध्ये शांतपणे उभी राहिली. रॉड तिचाही चिकटला, पण दचकली नाही.

दुसरी गोष्ट माझ्यासाठी मोठी. शिकवताना मी मुलाच्या बाजूला माझी स्क्रीन धरून उभा राहतो. मला माझ्या कोनातून दिसतं, त्याला त्याच्या. तो नक्की कुठे बघतोय हे मला कधीच कळलं नव्हतं. त्या दिवशी लॅपटॉपवर मुलाच्या डोळ्यांसमोरचं चित्र आलं आणि मी बघतच राहिलो. ज्याला मी महिनाभर ‘हात थरथरतो’ म्हणून ओरडत होतो, त्याची मानच चुकीची होती. तो डबक्याच्या मागून बघत होता, त्याला पुढची फट दिसतच नव्हती. स्टूल वीतभर सरकवलं आणि दोन दिवसांत बीड सरळ झाली. निदेशकाला मुलाच्या डोळ्यांतून बघता येणं, ही या यंत्राची खरी कमाई आहे. पण त्या लॅपटॉपवर मला बोट ठेवून काही दाखवता येत नव्हतं, चित्र थांबवता येत नव्हतं, मागे नेता येत नव्हतं. सगळी रचना एकट्या शिकणाऱ्यासाठी केलेली, मास्तर जणू संचाला चार्जिंग करण्यापुरता. पुढच्या आवृत्तीत मास्तरची खिडकी आधी बांधा.

तिसरं एक काम यंत्राने करावं असं मला फार वाटतं, आणि ते कुणी करताना दिसत नाही. डिझेलचा रिकामा पिंप वेल्डिंगला आला तर काय करायचं? पुस्तकात उत्तर आहे, मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात. पण गावात गेल्यावर ओळखीचा माणूस पिंप घेऊन दारात उभा राहतो, “अरे रिकामाच आहे, एक टाका मार,” म्हणतो. आतल्या वाफेचा भडका उडतो आणि माणसं जातात, पेपरात दोन ओळी येतात. ही चूक मी वर्कशॉपात करू देऊ शकत नाही, तुम्ही करू देऊ शकता. पिंप द्या, घाई करणारा ओळखीचा माणूस द्या, संध्याकाळची वेळ द्या. मुलाने झाकण न उघडता, आतून न धुता, पाणी न भरता रॉड लावला तर पुढे काय होतं ते त्याला कळू द्या. रक्त दाखवू नका. एक आवाज, मग काळोख, आणि मग मिनिटभर काहीच नाही. इथे चित्र लागेल, इथे संचाचं चीज होईल.

सगळ्याला व्हीआर लावायची हौस मात्र आवरा. निविदेत ‘किमान २०० मॉड्यूल, ४० ट्रेड’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. त्यातल्या एकात फिटरचं कानशीने घासणं होतं, हवेत कंट्रोलर मागेपुढे करायचा. अहो, कानस आणा! त्या संचाच्या किमतीत सबंध जिल्ह्याला कानशी पुरतील. जिथे सामान महाग आहे, जिथे जीव जाऊ शकतो, किंवा जिथे मास्तरला आतलं दिसत नाही, तिथेच हे यंत्र आणा. दोनशेऐवजी एकाच ट्रेडचे दहा धडे द्या, पण असे द्या की निदेशक ते स्वतःहून मागून घेईल.

खर्ची पडणारा पैसा लहान नाही, म्हणून हे आत्ता लिहितोय. पीएम-सेतू योजनेत एक हजार शासकीय आयटीआयच्या उन्नतीसाठी केंद्र, राज्य आणि उद्योग मिळून ६०,००० कोटी रुपये ठरलेत. महाराष्ट्रात चारशेहून जास्त शासकीय आयटीआय आहेत. यातला काही पैसा हेडसेटवर जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा अधिकारी मंडळींना माझी विनंती निविदेच्या भाषेतच ऐका. पडद्याचं रिझोल्यूशन किती, हे कलम राहू द्या, पण त्याच्या वर एक कलम घाला: हातातलं अवजार खऱ्या वजनाचं आणि खऱ्या केबलचं असावं, रॉडची दांडी जळल्यासारखी आखूड होत जावी. अशी यंत्रं जगात बनलेली आहेत, मी काही स्वप्न सांगत नाही. आणि स्वीकृती चाचणी पडद्यावरच्या गुणांवर घेऊ नका. वीस मुलं संचावर शिकवा, मग त्यांना खरी प्लेट द्या, जोड वाकवून, तोडून बघा. टिकला तर बिल पास करा.

संचावर किती वेळ आणि बूथमध्ये किती, यावरही जरा विचार व्हावा. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात वेल्डिंगवरच याचा प्रयोग झालाय. एका गटाला निम्मा वेळ यंत्र आणि निम्मा वेळ खरा आर्क, दुसऱ्याला सगळा वेळ यंत्र. सोप्या जोडांना दोघंही निभावले. अवघड उभ्या जोडाला निम्मं-निम्मं शिकलेले सरस ठरले. म्हणून संच आले की रॉडचा आणि प्लेटचा खर्च कापायचा, हा जो विचार काही टेबलांवर सुरू झालाय, तो तिथेच थांबवा.

बारीकसारीक तक्रारी पुष्कळ आहेत, भराभर सांगतो. अंबाडा घालणाऱ्या मुलीच्या डोक्यावर हेडसेटचा पट्टा बसत नाही. चष्मा आत मावत नाही. मे महिन्यात वर्कशॉपचे पत्रे तापतात, काच घामाने धुकट होते, आणि पाच मुलांनी घातलेलं तेच फोम सहाव्याच्या तोंडाला लागतं. धुता येईल असं कव्हर द्या. इंटरनेट गेलं की लॉगिन होत नाही आणि आमच्याकडे इंटरनेट जायला पाऊस पुरतो. डावखुऱ्याला होल्डर उजव्याच हातात. अंगठ्याने कंट्रोलरवरची छोटी दांडी ढकलून पडद्यातल्या वर्कशॉपभर फिरायची सोय कशासाठी केलीये तेही कळलं नाही. डोळ्यांना वाटतं चाललोय, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला वाटतं उभा आहे, आणि पोरांना मळमळतं. दोघांनी खाल्लेला डबा ओकून टाकला. वेल्डर एका जागी बसून काम करतो हो! स्टूलवर बसवा आणि फिरवणं बंद करा, निम्मी मळमळ जाईल.

डिझायनर मंडळींपैकी बरेचजण पुण्या-मुंबईत, बंगळुरूत बसून हे काम करतात असं ऐकतो. हुशार पोरं आहात, तुमच्या वयाचा माझा मुलगाही संगणकातच आहे. तुमच्यातल्या किती जणांनी आयुष्यात एकदा तरी आर्क पेटवलाय? हे टोचून विचारत नाही. ज्याने तो संच बनवला त्याला रॉड चिकटतो हेच माहीत नसावं, असं मला तो घातल्या घातल्या वाटलं होतं.

ऑगस्टमध्ये नवी बॅच बसते. पहिल्या सोमवारी सगळ्यांचेच रॉड चिकटतात, त्यात तुमचे चिकटले तर कुणी हसणार नाही. तुमच्यासाठी एक बूथ आणि रॉडचं एक पाकीट बाजूला ठेवायला मी संस्थेत सांगून ठेवलंय. येताना पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि चामड्याचे बूट घालून या. नायलॉनचं काही अंगावर असलं तर दारातूनच परत पाठवीन.

आपला,
एक निवृत्त वेल्डिंग निदेशक